पाटे वाढवले म्हणजे पिकअपची ताकद वाढते का?

कर्जत-खालापूर पट्ट्यात पिकअपला आता फक्त भाजी आणि विटा वाहून भागत नाही. फार्महाउसवरची लग्नं, चौकच्या एन. डी. स्टुडिओसारख्या ठिकाणची शूटिंग, डोंगरउतारावर चाललेली बांधकामं, या सगळ्यांना ट्रॉलीवरचा जनरेटर, काँक्रीट मिक्सर, कॉम्प्रेसर लागतो आणि ते सगळं ओढायला पिकअप लागते. दुसरीकडे खोपोलीच्या बाजूला जुना हायवे आणि एक्सप्रेसवे दोन्ही घाटात शिरतात, त्यामुळे बंद पडलेल्या गाड्या टोचन करायचं कामही बारा महिने चालू असतं.

हे काम वाढलं तसे मोबाइलवर एका वस्तूचे व्हिडिओ आणि जाहिराती वाढल्या आहेत. ती वस्तू म्हणजे लीफ स्प्रिंग, गॅरेजच्या भाषेत पाटे. "हेवी ड्यूटी पाटे टाका, टोइंगचं टेन्शन विसरा", "एक पाटा वाढवा, पाचशे किलो जास्त घ्या" अशी वाक्यं तुमच्याही फीडमध्ये आली असतील. गाडीची शेपटी खाली बसते, पाटे वाढवले की ती वर येते, म्हणजे गाडीची क्षमता वाढली, असा सरळ हिशोब त्यात असतो. या लेखात तो हिशोब तपासू. मी सॉफ्टवेअरमध्ये काम करतो, पण इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षाला मेकॅनिक्स सगळ्यांनाच असतं आणि इथे लागणारं गणित त्याच्या पुढे जात नाही.

बातम्या तीन, गैरसमज एक

आधी बातम्या बघू, कारण व्हॉट्सअ‍ॅपवर त्यांचीच खिचडी करून फिरवली जाते.

पहिली बातमी जुलै २०१८ ची. केंद्र सरकारने मालवाहू गाड्यांच्या अ‍ॅक्सलवरची वजनमर्यादा वाढवली. चार टायरच्या एका अ‍ॅक्सलची मर्यादा १०.२ टनांवरून ११.५ टनांवर गेली. "सरकारनेच वजन वाढवून दिलंय" हे वाक्य तिथून आलं. हा बदल अवजड ट्रकांना लागू होणाऱ्या कमाल मर्यादेचा होता. तुमच्या पिकअपच्या आरसीवर जो एकूण वजनाचा आकडा छापलाय, तो त्याने बदललेला नाही. मोटार वाहन कायद्याचं कलम ११३ सांगतं की आरसीवरच्या एकूण वजनापेक्षा जास्त वजन घेऊन गाडी चालवायची नाही.

दुसरी बातमी २०१९ च्या कायदादुरुस्तीची. कलम १९४ नुसार ओव्हरलोडला २० हजार रुपये दंड आणि वर प्रत्येक जादा टनाला २ हजार. त्याच दुरुस्तीत कलम १८२अ आलं. परवानगी नसलेला बदल गाडीत केला तर मालकाला प्रत्येक बदलामागे ५ हजार रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतं. त्याआधी जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही म्हटलं होतं की कंपनीने दिलेल्या मूळ तपशिलाशी विसंगत ठरेल असा बदल गाडीत करता येणार नाही.

तिसरी बातमी ६ नोव्हेंबर २०२४ ची, आणि ती तरुण ड्रायव्हरांच्या थेट कामाची आहे. सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने सांगितलं की एलएमव्ही लायसन्स असलेल्याला साडेसात हजार किलोपर्यंत एकूण वजनाची मालवाहू गाडी चालवता येते, त्यासाठी वेगळा ट्रान्सपोर्ट शेरा लागत नाही. कार शिकलेला बावीस वर्षांचा मुलगा आता त्याच लायसन्सवर पिकअप घेऊन घाटात जाऊ शकतो. कायद्याने ते बरोबर आहे. पण मागे ट्रॉली लावलेली पिकअप घाटात कशी वागते, ते लायसन्सवर लिहिलेलं नसतं.

या तिन्ही बातम्यांत एक गोष्ट कुठेच नाही: पाटे बदलल्यावर गाडीची मान्य क्षमता वाढते. आरसीवरचं एकूण वजन कंपनी ठरवते ते चेसिस, अ‍ॅक्सल, बेअरिंग, टायर, ब्रेक, क्लच आणि पाटे या सगळ्यांचा मिळून विचार करून. साखळीची एक कडी जाड केली म्हणून बाकीच्या कड्या जाड होत नाहीत.

हुकवरचे शंभर किलो नक्की कुठे जातात?

टोइंगमध्ये वजन हौद्यात नसतं, हुकवर असतं. हुक मागच्या अ‍ॅक्सलच्याही मागे असतो. सी-सॉवर जसं टोकाला बसलेलं मूल दुसऱ्या टोकाला उचलतं, तसं हे वजन गाडीचं नाक उचलतं.

मोबाइलच्या कॅल्क्युलेटरवर करता येईल असं गणित बघा. व्हीलबेस, म्हणजे पुढच्या आणि मागच्या अ‍ॅक्सलमधलं अंतर, ३ मीटर धरा. हुक मागच्या अ‍ॅक्सलपासून १.२ मीटर मागे आहे. जनरेटरसकट ट्रॉलीचं वजन १ टन. दोन चाकी ट्रॉलीचं साधारण दहा टक्के वजन हुकवर यावं अशी सर्वसाधारण पद्धत आहे, म्हणजे १०० किलो.

मागच्या अ‍ॅक्सलवर वाढणारं वजन काढायचं तर व्हीलबेस आणि हुकचं अंतर यांची बेरीज करा, तिला व्हीलबेसने भागा, आणि येणाऱ्या आकड्याने हुकवरच्या वजनाला गुणा. ४.२ भागिले ३, गुणिले १००, उत्तर १४०. हुकवर १०० किलो ठेवले, पण मागच्या अ‍ॅक्सलवर १४० किलो वाढले. वरचे ४० किलो पुढच्या अ‍ॅक्सलवरून उचलले गेले.

आता टोचनचं बघा. बंद पडलेल्या कारचं पुढचं टोक उचलून ओढायचं असेल तर हुकवर सहज ५०० किलो येतात. उचलण्याचा पॉइंट अ‍ॅक्सलपासून दीड मीटर मागे धरला तर मागे वाढतात ७५० किलो आणि पुढून कमी होतात २५० किलो. स्टिअरिंग पुढच्या चाकांना आहे आणि उतारावर ब्रेकचं मोठं कामही पुढचीच चाकं करतात. त्याच चाकांवरून पाव टन वजन गेलं.

इथे पाटे काय करतात? शेपटी वर उचलतात. गाडी बाहेरून सरळ दिसते, हेडलाइट आभाळाकडे न जाता रस्त्यावर पडतो. पण पुढच्या अ‍ॅक्सलवरून गेलेले २५० किलो परत येत नाहीत. कडक पाटे टाका, मऊ टाका, दहा टाका, वरच्या गणितात पाट्यांचा आकडा कुठेच नाही. पाटे फक्त गाडी किती खाली बसेल ते ठरवतात. वजन कोणत्या चाकावर किती येईल हे हुकची जागा आणि हुकवरचं वजन ठरवतं.

पाटे ब्रेकलाही माहिती देतात

जाहिरातीत हा मुद्दा मला अजून एकदाही दिसलेला नाही, आणि माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचा हाच आहे.

पिकअपची मोठी अडचण अशी की रिकामी आणि भरलेली यांत जमीन-अस्मानाचा फरक असतो. रिकाम्या गाडीच्या मागच्या चाकांना पूर्ण ब्रेक दिला तर ती लॉक होऊन घसरतील. भरलेल्या गाडीला कमी ब्रेक दिला तर ती थांबणार नाही. म्हणून अनेक पिकअप आणि छोट्या ट्रकांत लोड सेन्सिंग व्हॉल्व्ह असतो, एलएसपीव्ही. चेसिसला एक व्हॉल्व्ह बसवलेला असतो आणि त्यातून एक दांडी किंवा छोटी स्प्रिंग मागच्या अ‍ॅक्सलला जोडलेली असते. गाडी भरली की पाटे दबतात, चेसिस अ‍ॅक्सलच्या जवळ येतं, दांडी हलते आणि व्हॉल्व्ह मागच्या ब्रेकला जास्त प्रेशर सोडतो. गाडी रिकामी झाली की पाटे उठतात आणि प्रेशर कमी होतं.

सॉफ्टवेअरच्या भाषेत हा एक सेन्सर आहे. तो वजन मोजत नाही, उंची मोजतो. उंचीवरून वजनाचा अंदाज लावतो, आणि तो अंदाज कंपनीचे मूळ पाटे धरून सेट केलेला असतो.

आता त्या गाडीत जाड पाटे टाका. हौदा भरलाय, हुकवर ट्रॉली आहे, पण शेपटी खाली बसत नाही. व्हॉल्व्हला वाटतं गाडी रिकामी आहे. तो मागचा ब्रेक कमी करतो. म्हणजे ट्रॉलीमुळे पुढच्या चाकांवरचं वजन आधीच घटलेलं, मागच्या चाकांवर वजन भरपूर पण त्यांना ब्रेक कमी, आणि मागून एक टनाची ट्रॉली ढकलतेय. पाटे कडक केल्यावर गाडी "मजबूत वाटते", पण ती घाट उतरताना उशिरा थांबू शकते.

उलटंही खरं आहे. जुने पाटे बसले असतील तर रिकाम्या गाडीचीही शेपटी खाली असते. व्हॉल्व्हला वाटतं गाडी भरलेली आहे. तो मागे पूर्ण प्रेशर देतो आणि जुलैच्या पावसात कर्जत-मुरबाड रस्त्याच्या ओल्या वळणावर मागची चाकं लॉक होतात. म्हणून "चालतंय तोवर चालू दे" हेही उत्तर नाही. बसलेले पाटे बदलायलाच हवेत, पण योग्य पाट्यांनी.

तुमच्या गाडीत हा व्हॉल्व्ह आहे का ते बघायला गॅरेज लागत नाही. सपाट जागेवर गाडी उभी करा, हँडब्रेक ओढा, चाकाला दगड लावा आणि मागून मोबाइलचा टॉर्च मारून फोटो काढा. चेसिसमधून मागच्या अ‍ॅक्सलकडे जाणारी दांडी दिसली आणि तिच्या वरच्या टोकाला ब्रेकचे पाइप दिसले, तर व्हॉल्व्ह आहे. एबीएस असलेल्या अनेक गाड्यांत हे काम इलेक्ट्रॉनिक पद्धतीने चाकांच्या वेगावरून होतं, तिथे दांडी दिसणार नाही.

घाट किती ऊर्जा मागतो?

खोपोली समुद्रसपाटीपासून शंभर मीटरच्या आत आहे, लोणावळा सहाशेच्या वर. मधली उंची साधारण साडेपाचशे मीटर. एक टनाची ट्रॉली तेवढी खाली आणली तर जवळपास दीड युनिट विजेइतकी ऊर्जा सोडते. घरातला हजार वॉटचा हीटर दीड तास चालवण्याइतकी ही उष्णता. ती थोडी हवेच्या आणि टायरच्या घर्षणात, थोडी इंजिनात जाते. उरलेली सगळी ब्रेकला झेलावी लागते, तीही पंधरा-वीस मिनिटांत. आणि हे फक्त ट्रॉलीचं, पिकअपचं वेगळं.

म्हणून युरोपात ७५० किलोपेक्षा जड ट्रेलरला स्वतःचा ब्रेक लागतो. आपल्याकडे गावोगाव दिसणाऱ्या जनरेटर-मिक्सरच्या कित्येक ट्रॉल्यांना ब्रेकच नसतो, सगळा भार पुढच्या गाडीवर.

उदाहरण दूर शोधायला नको. कर्जत स्टेशनात पुण्याकडे जाणाऱ्या गाड्यांना मागून बँकर इंजिनं लावतात, कारण पुढे घाटात ३७ ला १ चा चढ आहे. उतरताना गाड्या घाटात थांबवून ब्रेक तपासले जातात. वजन घाटातून न्यायचं तर ओढायची आणि थांबवायची ताकद आधी बघायची, हे रेल्वेने दीडशे वर्षांपूर्वी मान्य केलं. एक्सप्रेसवेवर जुलै २०२४ पासून आयटीएमएसचे कॅमेरे लागलेत. वेग, सीटबेल्ट, लेन ते बघतात. गाडीखाली कोणता पाटा आहे ते त्यांना दिसत नाही. ते बघायचं काम मालकाचंच.

सर्च केल्यावर अमेरिका का येते?

माझ्या मामेभावाची पिकअप आहे, ट्रॉलीवरचा जनरेटर ओढते. त्याने मला एक लिंक पाठवली आणि विचारलं, "दादा, हा सेट मागवू का? रिव्ह्यू चांगलेत." रिव्ह्यू वाचले. "डिलिव्हरी लवकर आली", "पॅकिंग मस्त", "बसवला, एकदम कडक". एकातही गाडीचं व्हेरिअंट नव्हतं, पाट्याची जाडी नव्हती, सहा महिन्यांनी काय झालं ते नव्हतं. पाटा वर्षभर वाकून-वाकून थकतो आणि मग तुटतो, त्याचा निकाल आठवड्यात दिलेल्या स्टारमध्ये येत नाही.

त्याने चॅटबॉटलाही विचारलं होतं. उत्तर आलं ते अमेरिकेचं. कारण टोइंगसाठी पिकअप या विषयावरचं इंटरनेटवरचं बहुतेक लिखाण तिथलंच आहे. तिथली फोर्ड एफ-१५० सारखी गाडी माणसं न्यायला आणि बोट-ट्रेलर ओढायला घेतात. तिचे मागचे पाटे आरामासाठी तुलनेने मऊ असतात, कंपनी ओढायच्या वजनाचा आकडा वेगळा छापते आणि तो ठरवायची सामायिक चाचणीपद्धत आहे. तिथे "एक पाटा वाढवा" हा सल्ला मऊ गाडीसाठी असतो. आपली पिकअप मुळातच मालवाहू आहे, पाटे आधीच कडक आहेत. जाहिरातीत पेलोड मोठ्या अक्षरात असतो, ओढायचा आकडा मॅन्युअलमध्ये शोधावा लागतो. तो सापडला नाही तर सर्व्हिस सेंटरला व्हेरिअंट सांगून लेखी विचारा. तिथला सल्ला इथे जसाच्या तसा चिकटवला तर कडक गाडी आणखी कडक होते, बाकी काही साधत नाही.

जाडीचा खेळ

पाट्यांच्या बाबतीत एक गोष्ट लक्षात ठेवली तर निम्मी फसवणूक टळेल. कडकपणा पाट्यांच्या संख्येच्या प्रमाणात वाढतो, पण जाडीच्या घनाच्या प्रमाणात वाढतो.

समजा ८ मिलिमीटरचे पाच पाटे आहेत. तसाच सहावा टाकला तर कडकपणा ढोबळमानाने २० टक्के वाढतो. त्याऐवजी पाचही पाटे ९ मिलिमीटरचे केले तर ४२ टक्के वाढतो. फरक एका मिलिमीटरचा, डोळ्यांना दिसतही नाही. म्हणून पाटा व्हर्नियरने मोजायचा, अंदाजाने नाही.

भंगारातल्या ट्रकचा १० मिलिमीटरचा एक पाटा आपल्या ८ च्या पाट्यांत घुसवायची पद्धत बरीच चालते. तो एकटा पाटा आपल्या जवळपास दोन पाट्यांइतका भार स्वतःवर घेतो. सगळे पाटे सारखेच वाकतात तेव्हा जाड पाट्याच्या पृष्ठभागावर २५ टक्के जास्त ताण येतो. आणि तो आधीच एका ट्रकखाली लाखो वेळा वाकून आलेला असतो. तो पहिला तुटणार, आणि तुटेल तेव्हा बाकीच्यांवर अचानक भार टाकून तुटणार.

लोहाराकडे पाटा तापवून कमान चढवणं हेही तसंच. पाट्याचं पोलाद ठरलेल्या तापमानाला तापवून, विझवून, पुन्हा पाणी देऊन तयार केलेलं असतं. भट्टीत लालबुंद केलं की ते पाणी उतरतं. कमान येते, दिसायला छान दिसते, पण काही दिवसांत पुन्हा बसते किंवा तडकते. पाट्याला वेल्डिंग करणं तर पूर्ण बंद.

मग पाटे निवडायचे कसे?

पहिलं काम आरसी. एमपरिवहन किंवा डिजिलॉकरमध्ये आरसी उघडा. रिकाम्या गाडीचं वजन आणि एकूण वजन हे दोन आकडे लिहून घ्या. फरक म्हणजे तुमच्या हातात असलेलं वजन. त्यात माल, डिझेल, ड्रायव्हर, हेल्पर, नंतर बसवलेला कॅरिअर किंवा क्रेन आणि हुकवर येणारं वजन, सगळं आलं.

दुसरं काम काटा. खालापूर-खोपोलीत कारखान्यांमुळे वजनकाटे भरपूर आहेत. रोजचा माल भरून, ट्रॉली लावून जा. ट्रॉली काट्याबाहेर ठेवून एकदा फक्त पिकअपची पुढची चाकं काट्यावर घ्या, एकदा पूर्ण पिकअप. ट्रॉली सोडून हेच पुन्हा करा. पूर्ण वजनातून पुढचं वजा केलं की मागचं मिळतं. चार पावत्यांचे फोटो काढून ठेवा. ट्रॉलीने पुढच्या अ‍ॅक्सलवरून किती किलो उचलले, ते त्यात छापील सापडेल.

तिसरं काम उंची. सपाट जागेवर मागच्या चाकाच्या मध्यापासून वर हौद्याच्या कडेपर्यंत टेपने मोजा. रिकामी, भरलेली, ट्रॉलीसकट, दोन्ही बाजूंनी.

या आकड्यांवरून तीन शक्यता निघतात.

वजन मर्यादेत आहे, तरी शेपटी बसते किंवा एक बाजू दुसरीपेक्षा खाली आहे: पाटे थकलेत. कंपनीच्या मूळ मापाचे नवे पाटे टाका, जास्त कडक नाही.

वजन मर्यादेत आहे, पाटे चांगले आहेत, पण ट्रॉली लावली की नाक उचलतं: आधी मालाची जागा बदला. केबल, बॅटऱ्या, ड्रम हौद्यात पुढे केबिनला चिकटून ठेवा. जनरेटर ट्रॉलीवर किंचित पुढे-मागे सरकवून हुकवरचं वजन दहा टक्क्यांच्या आसपास आणा. ते फार कमी केलं तर ट्रॉली शेपटीसारखी हलायला लागते, तेही धोक्याचं. इतकं करूनही हवं असेल तर तुमच्या व्हेरिअंटसाठी कंपनीच्या यादीत असलेला हेल्पर पाट्यांचा सेट घ्या. हेल्पर पाटे रिकाम्या गाडीत टेकत नाहीत, वजन आल्यावरच कामाला लागतात, त्यामुळे रिकामी गाडी उडत नाही.

वजन मर्यादेबाहेर आहे: पाट्यांचा विषय इथेच संपला. दोन फेऱ्या करा, ट्रॉली हलकी करा किंवा गाडी मोठी घ्या. २२ सप्टेंबर २०२५ पासून मालवाहू गाड्यांवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आलाय, त्यामुळे "नवी परवडत नाही" हा जुना हिशोब एकदा नव्याने मांडून बघा. टोचनचाच धंदा असेल तर त्यासाठी बनवलेली आणि तशी नोंदणी झालेली गाडी हवी. हौद्यात क्रेन ठोकलेली पिकअप म्हणजे तीच गाडी नव्हे.

ऑर्डर देण्याआधी ही मापं जुळवा

बोलेरो पिकअपच्या नावात १.३, १.७ असे आकडे येतात, ते टनांतले पेलोड आहेत. नाव सारखं, चेहरा सारखा, पण पाटे वेगळे असू शकतात. म्हणून "बोलेरो पिकअपचे पाटे द्या" एवढं सांगून चालत नाही. चेसिस नंबरवरून पार्ट नंबर काढून घ्या, आणि पुढील गोष्टी प्रत्यक्ष जुळवा: पाट्यांची संख्या, प्रत्येकाची जाडी आणि रुंदी, एका डोळ्यापासून दुसऱ्या डोळ्यापर्यंतची लांबी, सेंटर बोल्ट नेमका मध्यावर आहे की पुढे-मागे, बुशचं माप, आणि मोकळ्या पाट्याची कमान.

तुमचे पाटे पॅराबोलिक आहेत का तेही बघा. त्यात पाटे कमी असतात, मध्ये जाड आणि टोकाला पातळ, आणि एकमेकांना मधे टेकत नाहीत. त्यांच्यात साधा सपाट पाटा घुसवायचा नसतो.

बसवताना दोन्ही बाजू एकत्र बदला. यू-बोल्ट नवे घ्या, कारण जुने एकदा ताणलेले असतात. पाटेवाल्याला "घट्ट कर" न म्हणता टॉर्क रेंच वापरायला सांगा, आणि काहीशे किलोमीटर चालल्यावर यू-बोल्ट पुन्हा आवळून घ्या. रबर बुशचे बोल्ट गाडी चाकांवर उभी असताना शेवटचे आवळायचे, जॅकवर लटकत असताना नाही. एलएसपीव्ही असेल तर त्याची दांडी मॅन्युअलप्रमाणे सेट करून घेतल्याशिवाय गाडी ताब्यात घेऊ नका. शेवटी बिलावर पार्ट नंबर लिहून घ्या. उद्या विम्याचा दावा करायची वेळ आली तर "गाडीत बदल केला होता" या प्रश्नाला तो कागद उत्तर देतो.

पाटेवाल्याने विचारलं, "किती कडक करू?" तर त्याला काट्याच्या चार पावत्या दाखवा. मामेभावाने तसंच केलं. त्याचं वजन मर्यादेत निघालं, डावीकडचे पाटे बसलेले निघाले. मूळ मापाचा सेट टाकला, व्हॉल्व्हची दांडी सेट केली आणि जनरेटरच्या केबलचे ड्रम हौद्याच्या तोंडावरून उचलून केबिनमागे नेले. हेवी ड्यूटी सेटची लिंक अजून त्याच्या चॅटमध्ये तशीच पडून आहे.